आप्पांनी तपासलेलं कॉलेज

आप्पा लेथच्या खाली वाकले, कातलेल्या लोखंडाचा कीस पडतो त्या पत्र्याच्या ट्रेमधून त्यांनी हात फिरवला आणि तो वर करून मला दाखवला. हात धुतल्यासारखा स्वच्छ होता.

"बघितलंस?" ते म्हणाले.

मी बघितलं नाही. शेजारी टाय लावलेले प्राध्यापक उभे होते आणि खाली वाकलेला हा माणूस माझा कोणी नाही असा चेहरा करण्यात मी गुंतले होते.

"वर्कशॉप एकदम अद्ययावत आहे आमचं," प्राध्यापक म्हणाले. "बारा लेथ आहेत. सगळी नवी."

"नवी म्हंजे कवाची?"

"चार वर्षं झाली असतील."

आप्पांनी एका लेथचं हँडल धरलं, अर्धा फेरा फिरवलं आणि सोडून दिलं. "चार वर्षांत हँडलचा रंग बी गेला न्हाई की हो."

प्राध्यापकांना ते कौतुक वाटलं. "देखभाल फार काटेकोर असते इथे."

"पोरं टूल मोडत्यात काय?"

"छे, छे! आमच्याकडे काही मोडत वगैरे नाही."

आप्पांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि पेन्सिलीला थुंकी लावून काहीतरी लिहिलं. आम्ही बाहेर आलो. कॉम्प्युटरची वातानुकूलित खोली, संगमरवरी जिना, भिंतीवर मोठ्या कंपन्यांत लागलेल्या मुलांचे रंगीत फोटो, यातल्या कशाकडेही त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मी मात्र सगळं डोळे भरून पाहत होते. मला पुण्याचं तेच कॉलेज हवं होतं.

हे सगळं एकोणीसशे शहाण्णव सालच्या जुलैमधलं. मी बारावी झाले होते आणि मला मेकॅनिकल इंजिनीअर व्हायचं होतं. आमच्या वर्गात ज्यांना ज्यांना इंजिनीअरिंगला जायचं होतं, त्यांच्या घरी तेव्हा कॉलेजांची तुलना चालली होती. कुणी फी बघत होतं, कुणी नोकऱ्या किती लागतात ते विचारत होतं, आणि माझ्या एका मैत्रिणीचे वडील तर हॉस्टेलची आमटी चाखून आले होते. आप्पा कोल्हापूरच्या उद्यमनगरात घोरपडे मालकांच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर टर्नर होते. त्यांची तऱ्हा वेगळी होती. ते कॉलेजात जायचे आणि थेट लेथखाली शिरायचे.

आता खरी गोष्ट सांगते. उद्यमनगरातलं एक वर्कशॉप बंद होत होतं आणि तिथलं सहा फुटी लेथ विकायला निघालं होतं. आप्पांना स्वतःचं लेथ हवं होतं, माझ्या जन्माच्या आधीपासून. त्या मालकाने त्यांना जुलैअखेरपर्यंतचा शब्द दिला होता. पतसंस्थेत जमलेल्या पैशांत ते लेथ आलं असतं, नाहीतर संगमरवरी जिन्याच्या कॉलेजातली माझी पेमेंट सीट आली असती. तिथली एका वर्षाची फी बत्तीस हजार. आमच्या बाजूच्या एका जुन्या कॉलेजात मला मिळण्यासारखी फ्री सीट होती, तिची फी चार हजार. दोन्ही होण्यासारखं नव्हतं. हे मला आईने भाकऱ्या थापता थापता सांगितलं आणि वर, "मी सांगितलं म्हणून त्यांना सांगू नकोस," असंही बजावलं.

आप्पा स्वतः यातलं अवाक्षर बोलले नाहीत. त्यांच्या डायरीत फी लिहायला रकानाच नव्हता. मी चोरून पाहिलं होतं. हँडल, ट्रे, टूल, माणूस एवढंच लिहिलेलं होतं.

चार दिवसांनी आम्ही जुनं कॉलेज बघायला गेलो. कोल्हापूरपासून एसटीने दोन तास. त्या गावाचं आणि कॉलेजचं नाव मी घेणार नाही. तिथली माणसं अजून मला दिवाळीला फोन करतात, आणि पुढे जे सांगणार आहे ते काही कौतुकाचं नाही.

एसटीत आप्पा खिडकीशी बसले होते. मांडीवर डायरी, डायरीवर त्यांचा हात, आणि नखांत नेहमीसारखा हिरवा रंग. ही त्यांची आणखी एक सवय. लोखंडाचा बार कापला की टोकाचा तुकडा उरतो. तो बहुतेक वर्कशॉपांतून भंगारात जातो. आप्पा मात्र त्यातले कामाला येतील असे तुकडे वेचायचे आणि भंगारवाल्याने नेऊ नयेत म्हणून त्यांच्या टोकाला हिरवा रंग फासायचे. घोरपडे मालक हसायचे आणि म्हणायचे, "मादू, तुझी पोरं वेगळी काढून ठेव बाबा." आमच्या घरी दिव्याची बैठक, खलाचा दस्ता, दार अडवायचा खिळा, सगळं त्या हिरव्या तुकड्यांतून झालेलं.

जुन्या कॉलेजचं वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये होतं. आत पाऊल टाकल्याबरोबर कुलंटचा, म्हणजे मशीनवर सोडतात त्या तेलपाण्याचा, आंबूस वास आला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण आप्पांच्या शर्टाला तोच वास यायचा. आप्पांनी पहिल्याच लेथचं हँडल धरलं आणि मला हाक मारली.

"वैजू, हितं हात लाव. लाव की."

मी लावला. हँडलवर रंगाचा मागमूस नव्हता. लोखंड हाताने घासून घासून पांढरं आणि गुळगुळीत झालं होतं.

"किती पोरांनी फिरवलं असंल गं हे!" ते म्हणाले. मग त्यांनी ट्रेमध्ये हात घातला, आणि निळसर किसाने त्यांचं बोट कापलं. ते बोट तोंडात घालून ते असे खूश झाले की मला हसू आवरेना.

वर्कशॉपचे बागवान मास्तर हे सगळं लांबून बघत होते. चाळिशीचे, खाकी कोट, कानावर पेन्सिल. ते जवळ आले. "काय शोधताय, पाहुणे?"

"काय न्हाई. पोरीला कॉलेज बघतोय. मास्तर, हितं टूल मोडत्यात काय पोरं?"

"रोज मोडतात! रोज ओरडतो मी. घसा बसलाय बघा माझा."

आप्पांनी त्यांचा हात हातात घेतला. पाचच मिनिटांत दोघं असे बोलायला लागले की सोयरीक जमली असं बघणाऱ्याला वाटावं. आप्पांनी विचारलं, "एक मशीन चालू करून बघू काय?" मास्तर म्हणाले, "बघा की, तुमचंच आहे." आप्पांनी कोपऱ्यातलं लेथ चालू केलं आणि आमच्याकडे पाठ करून त्याचा आवाज ऐकत उभे राहिले.

मास्तर माझ्याकडे वळले. "कुठली ब्रँच घेणार, बाळ?"

"मेकॅनिकल."

"मेकॅनिकल? मुली सिव्हिलला जातात, नाहीतर कॉम्प्युटरला." मग मी घाबरेन असं वाटून ते आणखी मऊ आवाजात म्हणाले, "पण घे, घे. काही काळजी करू नकोस. मुलींना आम्ही मशीनवर उभं करत नाही. त्यांचा जॉब, म्हणजे मशीनवर करायचा नग, आम्हीच करून देतो. तुम्ही वहीत आकृती काढायची आणि जॉब सबमिट करायचा. मार्क पुरे मिळतात."

"का पण?"

"मटेरियल मोजून येतं गं. पोरं बिघडवतात तेच पुरत नाही. त्यात तुमच्या वेण्या, ओढण्या. उगीच काही झालं तर कोण बघणार?"

ते मनापासून बोलत होते आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. गुळगुळीत झालेलं ते हँडल, त्यावर एकाही मुलीचा हात पडला नव्हता. आप्पांना वाटत होतं की आपण पोरीसाठी सोनं शोधून काढलंय. मी त्यांच्याकडे पाहिलं. लेथ घरघरत होतं. तीस वर्षांच्या खडखडाटात त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता, आणि आम्ही त्यांच्या डाव्या हाताला उभे होतो. त्यांनी मान वळवली नाही.

आता मी त्यांना सांगितलं असतं तर काय झालं असतं ते मला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डायरीतलं हे पान फाडलं असतं आणि पतसंस्थेतले पैसे काढून पुण्याच्या संगमरवरी जिन्यावर नेऊन ठेवले असते. मला ते कॉलेज हवंच होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. मी आप्पांच्या पाठीकडे बघत राहिले. लेथच्या आवाजाबरोबर त्यांची मान हलत होती. मी गप्प बसले.

बाहेर पडून आम्ही एसटी स्टँडवर आलो. चहा सांगितला आणि आप्पांनी एकदम खिसा चाचपला. "स्केल ऱ्हायली वाटतं माझी. तू बस, आलोच."

त्यांची सहा इंची स्टीलची पट्टी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते तरातरा गेले. माझा चहा संपला, त्यांचा निवला, एक एसटी सुटून गेली. अर्ध्या तासाने ते आले.

"सापडली?"

"खिशातच हुती," ते म्हणाले आणि गार चहा एका घोटात प्याले.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "किती मार्क दिलेत या कॉलेजला?"

"धापैकी नऊ."

"एक कुठे गेला?"

"त्यो राखून ठेवलाय," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

प्रवेशाचा दिवस पुण्यात होता. तेव्हा हे सगळं समोरासमोर व्हायचं. मोठा हॉल, पुढे फळ्यावर कॉलेजांची नावं आणि समोर शिल्लक जागा, आणि माइकवरून एकामागून एक गुणवत्ता क्रमांक. आपला क्रमांक पुकारला की टेबलाशी जायचं आणि मिनिटभरात कॉलेज सांगायचं. लोक आयुष्यभराचा निर्णय घेऊन धापा टाकत बाहेर यायचे. एका मुलाने घाबरून भलत्याच शाखेचं नाव घेतलं आणि त्याच्या आईने तिथेच रडायला सुरुवात केली.

माझा क्रमांक जवळ आला तसा आप्पांनी शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. त्यात दोन डिमांड ड्राफ्ट होते, एक चार हजारांचा आणि एक बत्तीस हजारांचा. मी बघतच राहिले.

"दोन्ही आणल्यात," ते म्हणाले. "कंचा द्यायचा ते तू सांग. पैशाचं मनात आणू नकोस."

"लेथ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आईनं सांगितलं व्हय? लेथ काय, आज न्हाई तर उद्या. तुला कुठं जायचंय?"

माइकवर माझा क्रमांक आला. फळ्यावर संगमरवरी कॉलेजच्या अकरा जागा शिल्लक होत्या, जुन्याच्या दोन. टेबलाशी जाऊन मी जुन्या कॉलेजचं नाव सांगितलं आणि मागे वळून चार हजारांचा ड्राफ्ट मागितला.

"विचार केलास?" आप्पांनी विचारलं.

"केला."

"मग झालं." त्यांनी मोठा ड्राफ्ट घडी करून परत खिशात ठेवला. महिन्याच्या एकतीस तारखेला त्यांचं लेथ आलं. हातगाड्यावरून उतरवताना अख्खं उद्यमनगर जमलं होतं. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि आप्पा हँडल धरून नुसतेच उभे होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. हे लेथ माझ्या गप्प बसण्यामुळे आलं, असं मला वाटलं आणि पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

कॉलेजातलं पहिलं प्रॅक्टिकल मला कालच्यासारखं आठवतं. आमच्या बॅचमध्ये आम्ही दोनच मुली, मी आणि उज्ज्वला शेटे. मुलांनी लेथं धरली. आमच्या लेथपाशी बागवान मास्तर आले, बाह्या सरसावल्या, आणि उज्ज्वला आपसूक बाजूला सरकली.

मी सरकले नाही. मी वेणी कोटात खोचली आणि म्हणाले, "मास्तर, जॉब मी करणार."

वर्कशॉपमधली निम्मी लेथं थांबली. पोरं बघायला लागली.

"बिघडला तर?" मास्तरांनी विचारलं.

"बिघडला तर दुसरा करीन. बिघडल्याशिवाय यायचा कसा?"

आता हाकलतात की काय, असं मला वाटलं. मग मास्तर बाजूला झाले. "कर," म्हणाले, आणि कपाटातून त्यांनी एक लोखंडाचा तुकडा आणून दिला. मी तो बिघडवला. टूलही मोडलं. त्यांनी दुसरा तुकडा दिला. तोही बिघडवला. तिसऱ्यांदा जॉब जमला, तेव्हा मी उज्ज्वलाला म्हटलं, "आता तू ये." त्या वर्षापासून त्या कॉलेजात मुलींचे जॉब कुणी करून दिले नाहीत, आणि मटेरियल कमी पडल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही.

ही गोष्ट मी आयुष्यभर मिरवली. पहिल्या मुलाखतीत सांगितली आणि नोकरी मिळाली. पुढे कारखान्याची प्रमुख झाल्यावर दर आठ मार्चला सांगितली. आणि घरी आप्पांना तर किती वेळा सांगितली त्याला गणती नाही. पहिल्याच दिवाळीला सांगितली, तेव्हा ते फराळाचं ताट बाजूला ठेवून पुढे सरकले होते.

"मग? मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, जॉब मी करणार."

त्यांनी मांडीवर थाप मारली, उठले आणि आत जाऊन त्या जुन्या डायरीत काहीतरी लिहून आले. नंतर दर सुट्टीला ते मला ती गोष्ट सांगायला लावायचे, आणि दर वेळी तिथेच अडवायचे. "मग तू काय म्हणालीस?" त्यांना ऐकू कमी येतं म्हणून परत परत विचारतात, असं मी समजायचे.

मध्ये बावीस वर्षं गेली. त्या कॉलेजने मला नव्या वर्कशॉपच्या उद्घाटनाला बोलावलं. व्यासपीठावरून मी हीच गोष्ट सांगितली, अगदी रंगवून. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत बागवान मास्तर बसले होते, निवृत्त झालेले, पांढरी दाढी. ते टाळ्या वाजवत होते आणि हसतही होते.

चहाच्या वेळी मी त्यांच्या पाया पडले. "चुकीचं तर सांगितलं नाही ना, मास्तर?"

"एक शब्द चुकला नाही, बाळ. पण सगळी सांगितली नाहीस. म्हणजे तुला ठाऊकच नाही." त्यांनी मला बाजूला नेलं. "तुझे वडील त्या दिवशी परत आले होते. पट्टी राहिली म्हणून. पट्टी त्यांच्या हातातच होती."

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मला म्हणाले, मघाशी पोरीला काय सांगितलंत ते ऐकलं मी. डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, पण तिचं तोंड उतरलेलं दिसलं मशीनच्या पॉलिशमध्ये, म्हणून मशीन चालू ठेवून उजवा कान दिला; मशीनच्या आवाजातलं बोलणं तीस वर्षं ऐकतोय मी. मटेरियलचं कारण असेल तर मटेरियल मी देतो. चार वर्षं दिलं त्यांनी. दोन-तीन महिन्यांनी एसटीच्या पार्सलने पोतं यायचं, कापलेल्या तुकड्यांचं. टोकाला हिरवा रंग असायचा."

हिरवा रंग. चार वर्षं मी ते तुकडे लेथच्या पकडीत, चकमध्ये, धरले होते. मास्तरांच्या कपाटात तसे असतातच, असं समजून मी हिरवं टोकच आधी छिलून काढायचे. आणि मी इंजिनीअर! मला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. ज्यांच्यासाठी मी गप्प बसले होते, ते माझ्यासाठी गप्प बसले होते. आणि मी मात्र बावीस वर्षं त्यांनाच माझा पराक्रम ऐकवत होते.

"म्हणजे मी भांडले बिंडले ते सगळं फुकटच," मी म्हणाले.

"फुकट कसं?" मास्तर म्हणाले. "त्यांची एक अट होती ना. म्हणाले, पोरीनं स्वतः मागितलं तर अडवू नका, हवे तेवढे तुकडे द्या. न्हाई मागितलं, तर तुमच्या पद्धतीनं जॉब करून द्या आणि मला कळवा. मी आपणहून देणार नव्हतो. तू बोलली नसतीस तर पोतं तसंच परत गेलं असतं."

मी तिथून गाडी थेट कोल्हापूरला घ्यायला सांगितली. आप्पा घरापुढच्या सोप्यावर ऊन खात बसले होते. ऐंशीला आलेले, आता दोन्ही कान अधू, पण नखांत हिरवा रंग तसाच. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले.

"झालं भाषण?" त्यांनी विचारलं.

"झालं. आप्पा, त्या कॉलेजला तुम्ही दहापैकी नऊ मार्क दिले होते. एक राखून ठेवला होता. तो दिलात का कधी?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मास्तर भेटले असणार हे त्यांनी ओळखलं असावं, पण तसं काही म्हणाले नाहीत.

"त्यो कॉलेजचा मार्क नव्हता," ते म्हणाले. "तुझा हुता. पयल्या दिवाळीलाच दिला की."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात खरखरीत होता आणि त्याला अजून कुलंटचा वास येत होता.

"बरं, आता सांग," ते म्हणाले आणि उजवा कान माझ्याकडे केला. "मास्तर आला. बाह्या वर केल्या त्यानं. मग तू काय म्हणालीस?"

मी डोळे पुसले आणि मोठ्या आवाजात, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, त्यांना सांगितलं.